सेंट पीटर्सबर्ग: कालवे, कॅथेड्रलं आणि जूनच्या उजेडी रात्री. काय बघावं, काय सोडावं?

मुळाकाठ
नमस्कार मंडळी,
जूनच्या अखेरीस मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं सेंट पीटर्सबर्गला जातोय. नवऱ्याचं मॉस्कोत काम आहे, ते उरकलं की सापसान रेल्वेने चारेक तासांत तिकडे. ई-व्हिसा आला, हॉटेल अजून ठरायचंय.

एका टूरवाल्यांनी पाठवलेला कार्यक्रम नुसता वाचूनच दम लागला. सकाळी हर्मिटेज संग्रहालय, जेवण उरकून सेंट आयझॅक, चहाच्या वेळेला आणखी एक कॅथेड्रल, संध्याकाळी तासभर बोट, मध्यरात्री पूल उघडताना बघायचे. दुसऱ्या दिवशी शहराबाहेरचे राजवाडे, सकाळी पीटरहॉफ आणि दुपारी लगेच त्सारस्कोये सेलो. सासूबाई रोज पर्वती चढतात, त्यामुळे चालण्याचं टेन्शन नाही. टेन्शन जेवणाचं आहे. मांस-मासे अजिबात नाही. केकमधलं अंडं चालतं, पण ते कुणी बोलून दाखवायचं नाही.

आणखी एक. जाऊन आलेली मैत्रीण म्हणाली, “सगळी कॅथेड्रलं आतून सारखीच, एक बघ आणि बाकी बाहेरून फोटो काढ.” खरं आहे का हे?

सह्यभटक
हर्मिटेजला अख्खा दिवस द्या. सोमवारी बंद असतं, तेवढं सांभाळा. लिओनार्दोच्या दोन मॅडोना, रेम्ब्रांटची दालनं, मोराचं सोनेरी घड्याळ, आणि चौकापलीकडच्या जनरल स्टाफ इमारतीत मातिस. बाकी काही नाही बघितलं तरी पैसे वसूल.

निवांत_मी
+१. आणि तळघरातली मांजरं! एलिझाबेथ राणीने १७४५ मध्ये फर्मान काढून काझानहून उंदीर मारणारी धष्टपुष्ट मांजरं मागवली होती. आजही त्यांची जमात तिथे सरकारी पाहुणचार झोडतेय.

डॉक्टरीणबाई
सह्यभटक, मी असहमत. आधीच सांगते, माझं मत एकांगी आहे. मी तिथे डॉक्टरकी शिकले. खिशात खुळखुळाट असेल तेव्हा सुट्टीच्या दिवशी कालव्यांच्या काठाने चालत सुटायचं, हीच आमची करमणूक. चित्रं बघायला जगात इतरही जागा आहेत. हे शहर मात्र पाण्यावरून बघण्यासाठीच बांधलंय आणि टूरवाल्यांनी नेमकी बोटच उरल्यासुरल्या तासात कोंबलीय.

मुळाकाठ, बोट पहिल्याच दिवशी करा. नेवा नदीवर नुसती गरगर फिरवून आणणारी मोठी बोट नको. मोइका, फोंतांका, क्र्युकोव्ह कालवा असं आत शिरणारी छोटी बघा. काही पूल इतके बुटके आहेत की वरच्या डेकवर उभं राहिलं तर बोटवाला खेकसतो. वाड्यांची खरी तोंडं पाण्याकडे आहेत, हे खालून बघतानाच कळतं. काठाच्या ग्रॅनाइटमध्ये ठिकठिकाणी पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या आणि नावा बांधायची लोखंडी कडी दिसतील. रस्त्यावरून चालताना हे सगळं कठड्याआड जातं.

झार पीटरने १७०३ मध्ये स्वीडनकडून नुकत्याच जिंकलेल्या दलदलीत हे शहर मांडलं. त्याच्या डोळ्यासमोर ॲमस्टरडॅम होतं. वासिलेव्हस्की बेटावर तर रस्त्यांऐवजी कालवेच खणायचा बेत होता. बेत बारगळला, पण त्याची खूण राहिली. तिथे एकाच रस्त्याच्या एका बाजूच्या घरांचा पत्ता ‘सहावी ओळ’ आणि समोरच्यांचा ‘सातवी ओळ’. कधीच न खणलेल्या कालव्याचे ते दोन काठ! उलट ग्रिबोयेदोव्ह कालवा बघा, सापासारखा वळत जातो, कारण तो मुळात कालवा नव्हताच. एक लहानशी वेडीवाकडी नदी होती, तीच खोल करून बांधून काढली.

पाण्याने सूडही उगवलाय. पश्चिमेचा वारा फिनलंडच्या आखातातलं पाणी आत लोटतो आणि नेवा फुगते. १८२४ च्या नोव्हेंबरात पाणी नेहमीच्या पातळीच्या ४.२१ मीटर वर चढलं होतं. आयझॅकच्या चौकालगत निळा पूल आहे. तो ९७ मीटर रुंद असल्यामुळे पूल वाटतच नाही, लोक चौक समजून ओलांडून जातात. त्याच्या शेजारी त्रिशूळ बसवलेला ग्रॅनाइटचा खांब आहे, त्यावरचे पट्टे म्हणजे जुन्या पुरांच्या रेषा. पट्टा बघा आणि मग आजूबाजूच्या तळमजल्यांच्या खिडक्या बघा. २०११ मध्ये आखातावर पंचवीसेक किलोमीटरचा बांध पूर्ण झाला, तेव्हापासून शहराने जरा श्वास सोडलाय.

कॅथेड्रलांचं नंतर लिहिते, ड्यूटी आहे.

सह्यभटक
“चित्रं बघायला जगात इतरही जागा आहेत” हे वाक्य मी शांतपणे वाचून सोडून देतोय. :)

तिखटमीठ
मला एक कळत नाही, आत्ताच्या परिस्थितीत रशियात फिरायला जायलाच हवं का? युद्ध चालू असताना तिथे पैसे खर्च करणं पटत नाही.

मुळाकाठ
तिखटमीठ, प्रश्न रास्त आहे, घरातही झाला. नवऱ्याला कामासाठी जाणं भागच आहे, म्हणून आम्ही मागोमाग. तुमचं मत मान्य, पण इथे प्रवासापुरतं बोलूया का?

तिखटमीठ
बरं. मग एक प्रवासापुरतीच सूचना. आपल्याकडची व्हिसा-मास्टरकार्डं २०२२ पासून तिथे चालत नाहीत. कोऱ्या करकरीत डॉलर किंवा युरोच्या नोटा न्या आणि बँकेत बदलून घ्या. दुमडलेली, शाईचा डाग असलेली नोट परत करतात. निघताना सरकारी सूचनाही वाचून घ्या.

डॉक्टरीणबाई
आले. तर मुद्दा सारखेपणाचा. तुमच्या मैत्रिणीने ती एकामागोमाग एक बघितली असणार, मग होतंच तसं. सोनं, संगमरवर, मेणबत्त्या, पुढे चला. माझं म्हणणं असं की ही कॅथेड्रलं त्यांच्या बांधणीपेक्षा, विसाव्या शतकात त्यांच्यावर काय गुदरलं त्यावरून ओळखावीत. मग एकही दुसऱ्यासारखं वाटत नाही.

सेंट आयझॅक. १८१८ ते १८५८, चाळीस वर्षं चाललेलं काम. वास्तुविशारद फ्रेंच, ऑगस्त मॉन्फेराँ. दलदल असल्यामुळे आधी हजारो पाइनचे सोट जमिनीत ठोकले. चारी बाजूंच्या द्वारमंडपांतले खांब एकेक अखंड लाल ग्रॅनाइटचे, १७ मीटर उंच, ११४ टन वजनाचे, एकूण ४८. गंमत म्हणजे भिंती उभ्या राहायच्या आधी खांब उभे केले, कारण भिंती आड आल्या असत्या तर ते हलवताच आले नसते. लाकडी मचाण, दोरखंड आणि माणसांनी फिरवायचे रहाट, एवढ्यावर एक खांब पाऊण तासात उभा राहायचा. घुमटाला शंभर किलोवर सोनं आहे. ते पाऱ्यात कालवून लावायचे आणि पारा तापवून उडवायचे. त्या वाफेने कितीतरी कारागीर गेले, हे गाईड पटकन बोलून पुढे सरकतो. काम संपल्यावर महिन्याभरात मॉन्फेराँही गेला. त्याला इथेच पुरायचं होतं, पण तो कॅथलिक, झारने परवानगी दिली नाही. बायकोने देह पॅरिसला नेला.

सोव्हिएत काळात देवाला बाहेर काढून घुमटातून फुकोचा लंबक टांगला, पृथ्वी फिरते हे जनतेला दाखवायला. दुसऱ्या महायुद्धात घुमट करड्या रंगाने रंगवला, कारण सोनं चमकलं की जर्मन तोफांना नेम धरायला सोपं. चौकाच्या बाजूने खांब नीट बघा, तोफगोळ्यांच्या कपच्यांनी उडालेले टवके मुद्दाम तसेच ठेवलेत. बोट घालून बघता येतं. घुमटाखालच्या सज्ज्यावर जायला २६२ पायऱ्या आहेत, पर्वती चढणाऱ्यांना त्यात काय. सगळं शहर सपाट पसरलेलं दिसतं, कारण झारच्या हिवाळी राजवाड्यापेक्षा उंच घर बांधायला एकेकाळी मनाई होती.

काझान कॅथेड्रल, नेव्हस्की रस्त्यावर. ९६ खांबांची अर्धवर्तुळाकार ओळ हात पसरून उभी. पण तो पुढचा भाग नाही, कूस आहे. ऑर्थोडॉक्स चर्चची वेदी पूर्वेला हवी आणि रस्ता जातो उत्तर बाजूने, म्हणून वास्तुविशारद व्होरोनिखिनने रस्त्याला शोभेल अशी कूसच सजवली. १८११ मध्ये बांधून झालं, पुढच्याच वर्षी नेपोलियन आला. त्याला परतवणारा सेनापती कुतुझोव्ह आत पुरलाय. १९३२ मध्ये याच इमारतीत धर्म आणि नास्तिकतेच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं! आता पुन्हा नांदतं चर्च आहे, तिकीट नाही. काझानच्या मातेच्या प्रतिमेपुढे रांग असते. बायका डोक्याला रुमाल बांधतात, सासूबाईंना पदर घेतला की झालं.

आणि ते रंगीबेरंगी कांद्यांचं, जे सगळ्यांच्या फोटोत असतं, ते स्पास ना क्रोवी, म्हणजे रक्तावरचं चर्च. १ मार्च १८८१ रोजी (जुन्या पंचांगाने) झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या गाडीवर बॉम्ब पडला. तो वाचला होता. पण जखमींना बघायला खाली उतरला आणि दुसऱ्या बॉम्बने पाय गेले. ज्याने १८६१ मध्ये भूदासांना मोकळं केलं त्यालाच मारलं. नेमकी ती जागा चर्चच्या आत यावी म्हणून भिंत कालव्याच्या पात्रात पुढे सारली. आत शिरलात की सगळे मान वर करून मोझॅक बघतात. साहजिक आहे, सात हजार चौरस मीटरवर मोझॅक आहे. तुम्ही पश्चिमेच्या टोकाला जा. नक्षीदार दगडी छत्रीखाली कठडा आहे, आत वाका. खाली साधे रस्त्याचे गोटे आणि कालव्याच्या कठड्याचा तुकडा. झार जिथे कोसळला तो रस्ता.

याचं पुढचं आयुष्य म्हणाल तर महायुद्धातल्या जर्मन वेढ्यात शवागार आणि भाजीचं गोदाम. लोक ‘बटाट्यांवरचं चर्च’ म्हणायचे. नंतर दुरुस्तीसाठी बांधलेल्या परात्या इतकी वर्षं उभ्या होत्या की, त्या निघाल्या की सोव्हिएत युनियन कोसळेल असं लोक हसत म्हणायचे. १९९१ मध्ये परात्या निघाल्या. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

आयझॅक आणि हे, दोन्ही साधारणपणे बुधवारी बंद असतात.

निवांत_मी
परात्यांचा किस्सा भारी! आमच्या सोसायटीच्या परात्याही अशाच उभ्या आहेत, बघू काय कोसळतं ते.

डॉक्टरीणबाई
अजून एक राहिलं. नेव्हस्कीवरच लुथेरन लोकांचं सेंट पीटरचं चर्च आहे. १९६२ मध्ये तिथे चक्क पोहण्याचा तलाव उघडला, वेदीच्या जागी उडी मारायची फळी. नव्वदीत चर्च परत मिळालं, पण तलाव काढला तर इमारतीला धोका, म्हणून त्यावरच नवी जमीन घातली. प्रेक्षकांच्या बसायच्या पायऱ्या अजून दिसतात. बहुतेक टूरवाले इथे नेतच नाहीत.

आबा_पन्हाळकर
छान लिहिताय बाई. आमच्या पिढीला हे शहर लेनिनग्राड म्हणूनच माहीत. स्वस्तातली गुळगुळीत कागदाची सोव्हिएत पुस्तकं घरात असायची.

मराठी माणसाने जाऊन बघावी अशी एक जागा सांगतो. नेवाच्या पलीकडच्या काठावर, वासिलेव्हस्की बेटावर, विज्ञान अकादमीची जुनी खांबांची इमारत आहे. संस्कृतचे अभ्यासक ज्याला ‘पीटर्सबर्ग कोश’ म्हणतात तो बोटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश याच अकादमीने १८५५ ते १८७५ या काळात छापला. बोटलिंक तर जन्मानेच पीटर्सबर्गचा. आणि आपले धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या सांखवाळहून घर सोडून निघालेला माणूस, १९२९ मध्ये इथे पाली शिकवायला आले होते. त्या काठावर उभं राहिलं की मला चर्चच्या सोन्याआधी तेच आठवतात. विद्यापीठाची लांबलचक तांबडी इमारत शेजारीच, नदीकडे अंग चोरून, अरुंद बाजू करून उभी आहे.

आणि वेढा विसरू नका. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, ८७२ दिवस. पहिल्या हिवाळ्यात कारकून, मुलं आणि म्हातारे यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव, त्यातही भुसा-कोंडा. आयझॅकच्या चौकातच वनस्पतिसंवर्धन संस्था आहे. निकोलाय वाविलोव्हने जगभरातून जमवलेलं बियाणं तिथे होतं. कोठारात तांदूळ, शेंगदाणे, मका, गहू पोत्यांनी. आणि राखण करणारे शास्त्रज्ञ उपाशी. भाताचा तज्ज्ञ गेला, भुईमुगाचा तज्ज्ञ तर कामाच्या टेबलावरच गेला. बियाण्याला कुणी हात लावला नाही. स्वतः वाविलोव्ह त्या वेळी स्टालिनच्या तुरुंगात होता, १९४३ मध्ये सारातोव्हला तिथेच वारला. शेतकऱ्याच्या घरात जन्मलो म्हणून असेल, मला ती इमारत घुमटापेक्षा मोठी वाटते. आत सोडत नाहीत, बाहेरून बघायची.

मुळाकाठ
आबा, हे कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं माहेर शेतीचं, त्यांनी ‘वाविलोव्ह’ नाव कागदावर लिहून घेतलं.

सह्यभटक
वेढ्याचं निघालंच आहे तर नेव्हस्की १४ नंबरची भिंत बघा. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय: नागरिकहो, तोफांच्या माऱ्यात रस्त्याची ही बाजू जास्त धोक्याची. खाली फुलं ठेवलेली असतात. आणि डॉक्टरीणबाई, हर्मिटेजचं एक सांगतो, मग भांडण मिटवू. वेढ्याआधी चित्रं उरलकडे हलवली, चौकटी मात्र भिंतींवरच ठेवल्या. मदतीला आलेल्या सैनिकांना एका गाईडने त्या रिकाम्या चौकटींसमोर उभं करून कुठलं चित्र कसं होतं ते सांगत फिरवलं होतं.

डॉक्टरीणबाई
हे सांगितल्यावर कोण भांडणार. अर्धा दिवस मंजूर!

वेरूळवाला
पीटरहॉफ आणि त्सारस्कोये सेलो एका दिवशी अजिबात करू नका, दोन्ही विरुद्ध बाजूंना नसले तरी रांगांतच दिवस जातो. एकच निवडायचं तर पीटरहॉफ. राजवाड्याच्या आत नाही गेलात तरी चालेल, कारंजी बघा. मी संभाजीनगरचा, त्यामुळे माझं लक्ष पाण्याकडेच. आमच्या पाणचक्कीला दूरच्या डोंगरातून खापरी नळांनी पाणी येतं आणि उताराच्या जोरावर पडतं, अगदी तेच तत्त्व. रोपशाच्या उंचवट्यावरच्या झऱ्यांतून वीसेक किलोमीटरचा कालवा १७२१ मध्ये खणून आणला. पंप एकही नाही. सॅमसनचा पुतळा सिंहाचा जबडा फाडतोय आणि त्यातून वीस मीटरची धार निघते, ती केवळ उतारावर. आधीचा सॅमसन जर्मनांनी नेला, तो कुणाला पुन्हा दिसला नाही. आत्ताचा १९४७ चा. सकाळी अकराला संगीतासह कारंजी सुरू होतात, त्याच्या अर्धा तास आधी कालव्याच्या पुलावर जागा धरा. हर्मिटेजच्या मागच्या धक्क्यावरून पाण्यावर उचलली जाणारी ‘मेतेओर’ बोट सुटते. त्सारस्कोये सेलोची अंबर खोली (भिंतींना तृणमणी जडवलेली) १९४१ मध्ये लुटली गेली, आत्ताची २००३ ची नवी घडवलेली आहे. सुंदर आहे, पण गर्दी पुढे ढकलत राहते.

मुळाकाठ
सगळ्यांचे आभार. बोट पहिल्या दिवशी, आयझॅक आणि स्पास वेगवेगळ्या दिवशी, त्सारस्कोये सेलो रद्द. आता जेवण आणि हॉटेल. नदीपलीकडे पेत्रोग्राद बाजूला एक स्वस्त आणि चांगलं मिळतंय.

डॉक्टरीणबाई
पलीकडे घेऊ नका! रात्री एकनंतर जहाजांसाठी पूल उघडतात आणि पहाटे पाचच्या सुमारास खाली येतात. मेट्रो मध्यरात्रीच्या आसपास बंद. राजवाडा पूल उघडताना बघायला तुम्ही या काठावर आणि हॉटेल त्या काठावर, म्हणजे पहाटेपर्यंत सासूबाईंना घेऊन नेवाच्या वाऱ्यात. दक्षिण काठावर, नेव्हस्कीच्या आसपास घ्या. जूनच्या उत्तरार्धातल्या एका आठवडाअखेरीस लाल शिडांच्या जहाजाचा उत्सव असतो, त्या रात्री काठावर मुंगीलाही जागा नसते.

रात्र म्हणजे काय तर सूर्य साडेदहाच्या आसपास मावळतो आणि साडेतीन-पावणेचारला उगवतो, मधे नुसता निळसर उजेड. जाड पडदे असलेली खोली मागा. आणि पातळ स्वेटर, वारा अडवणारं जाकीट हवंच, जूनमध्येही.

मेट्रोतून मुद्दाम फिरा. आदमिरालतेइस्काया स्टेशन ८६ मीटर खोल आहे, सरकत्या जिन्यावर माणसं पुस्तकाची पानं उलटतात. आवतोवो स्टेशनचे काचेचे खांब बघा.

जेवण: ‘बेज म्यासा’ म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करा. बोर्श्च दिसायला बिटाचं, पण बहुतेक वेळा हाडांच्या पाण्यातलं असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. बटाटा किंवा कोबी भरलेले वारेनिकी, मशरूमचं सार, ग्रेच्का म्हणजे कुट्टूचे शिजवलेले दाणे, पनीरासारख्या त्वारोगचे सिर्निकी (अंडं असतं, बोलून दाखवू नका). बहुतेक वर्षी जूनअखेरीस त्यांचा पेत्रोव्ह उपास चालू असतो, तेव्हा काही खानावळींत ‘पोस्तनोये’ असं वेगळं पान मिळतं, त्यात मांस आणि दूध नाही. मासळी मात्र त्यात येऊ शकते, विचारून घ्या. बोल्शाया कोन्युशेन्नाया रस्त्यावर पिश्कींचं जुनं दुकान आहे, १९५८ पासूनचं. गरम तेलातून काढलेली गोल पिश्की, वर पिठीसाखर, सोबत दुधाची गोड कॉफी. पुसायला नॅपकिन नाही, कागदाचे कापलेले चौकोन देतात.

मुळाकाठ
हॉटेल बदललं, नेव्हस्कीला घेतलं. शेवटचा प्रश्न: फोंतांकावर चिमणीसारखा काहीतरी पुतळा आहे म्हणे, नवऱ्याला तोच बघायचाय. कुठे आहे नक्की?

डॉक्टरीणबाई
चिझिक-पिझिक. पक्षी आहे, उंची ११ सेंटिमीटर, म्हणून लोक समोरून निघून जातात तरी दिसत नाही. मोइका जिथे फोंतांकातून फुटते तिथे, पहिल्या इंजिनिअर पुलाशी, पाण्याजवळच्या कंगोऱ्यावर. मागचा तांबूस वाडा झार पहिल्या पावेलचा. हिवाळी राजवाड्यात जिवाची भीती वाटते म्हणून त्याने भोवती खंदक खणून बांधला, आणि राहायला आल्यावर चाळीसेक दिवसांत, १८०१ मध्ये, त्याच्याच झोपायच्या खोलीत मारला गेला. पक्ष्याकडे वरून नाणं टाकायचं, कंगोऱ्यावर टिकलं तर मनातली इच्छा पुरी. एक-दोन रुबलची नाणी जवळ ठेवा, बहुतेक सगळी पाण्यात जातात. आणि नवऱ्याला कठड्यावरून फार वाकू देऊ नका.